खाडीकाठच्या गावाने पाण्यातील नत्र आणि स्फुरद कसे मोजावे, कसे रोखावे

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाताना जमीन अरुंद होत जाते आणि शेवटी एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी एवढेच उरते. या पट्टीवर घरे आहेत, माड आहेत, निवास-न्याहारीच्या खोल्या आहेत, उथळ विहिरी आहेत आणि त्याच वाळूत शौचटाक्या आणि शोषखड्डेही आहेत. कोकणात अशा रचनेची गावे पुष्कळ आहेत. समुद्र किंवा खाडी बिघडते आहे अशी शंका आली की गावातील चर्चा बहुधा किनाऱ्यावरच्या प्लास्टिकपासून सुरू होते आणि तिथेच थांबते. प्लास्टिक उचललेच पाहिजे, परंतु पाण्यात विरघळलेले नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) डोळ्यांना दिसत नाहीत आणि झाडूने गोळाही होत नाहीत. हा लेख त्यांच्याविषयी आहे. माझे ठाम मत असे आहे की या कामाची सुरुवात किनाऱ्यावरून नव्हे, तर गावातल्या विहिरींपासून करावी. विहिरीत जे पाणी आहे तेच वाळूतून पुढे सरकून खाडीला मिळते, आणि विहिरीचे पाणी तपासण्याची साधने व यंत्रणा आज प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहेत.

आधी नेमके काय घडते ते समजून घ्यावे

नत्र आणि स्फुरद ही पिकांची अन्नद्रव्ये आहेत आणि पाण्यातील सूक्ष्म शैवालांचीही. ती जास्त झाली की शैवाल झपाट्याने वाढते, मरते, तळाशी बसते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. दिवसा शैवाल स्वतः प्राणवायू सोडत असल्यामुळे दुपारी पाणी ठीक वाटते, मात्र रात्रभर श्वसन चालू राहते आणि पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. म्हणूनच मासे तडफडताना किंवा पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेताना दिसतात ते बहुधा पहाटे.

या दोन अन्नद्रव्यांचे प्रवासाचे मार्ग वेगळे आहेत आणि पुढची सारी उपाययोजना या फरकावर उभी आहे. मलमूत्रातील नत्र हवा खेळणाऱ्या वाळूत नायट्रेटमध्ये बदलते आणि नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही, ते पाण्याबरोबर जिथे पाणी जाईल तिथे जाते. स्फुरद मात्र जांभ्याच्या लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असल्याने घट्ट धरला जातो आणि मुख्यतः वाहून जाणाऱ्या गढूळ मातीवर बसून खाडीत पोहोचतो. थोडक्यात, नत्र जमिनीखालून जाते आणि स्फुरद जमिनीवरून. पुळणीच्या वाळूत मात्र स्फुरद धरून ठेवण्याची ताकद फारच कमी असते, त्यामुळे देवबागसारख्या ठिकाणी दोन्ही वाटा उघड्या राहतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पावसाळ्यात आणि विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे, प्राणवायू कमी असलेले आणि अन्नद्रव्यांनी भरलेले पाणी नैसर्गिकरीत्याच वर येते. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षे मोजमाप करून याचा अभ्यास केला आहे. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये समुद्र हिरवा दिसला किंवा रात्री लाटा निळ्या चमकल्या, तर तेवढ्यावरून गावाच्या सांडपाण्याला दोष देता येत नाही. गावाचा वाटा ओळखायचा तर तो समुद्रात न शोधता विहिरीत, व्हाळात (ओढ्यात) आणि खाडीच्या आतल्या संथ पाण्यात शोधावा लागतो.

पहिले काम: गावाचा नकाशा

ग्राम महसूल अधिकाऱ्याकडील (पूर्वीचे तलाठी) गाव नकाशाची मोठी प्रत घ्यावी आणि तिच्यावर प्रत्येक विहीर, प्रत्येक शौचटाकी, गोठा, मासळी उतरवण्याची जागा, कोळंबीची तळी, भातखाचरे आणि खाडीला मिळणारा प्रत्येक व्हाळ व गटार यांची खूण करावी. हे काम दहावी-बारावीची मुले आणि त्यांच्या सोबत गावातील दोन जुनी माणसे यांनी मिळून केले तर उत्तम, कारण बुजलेले व्हाळ आणि पावसाळ्यात पाणी तुंबण्याच्या जागा जुन्या माणसांनाच ठाऊक असतात. प्रत्येक विहिरीपासून सर्वांत जवळच्या शोषखड्ड्याचे अंतर टेपने मोजून लिहावे, आणि त्यात शेजाऱ्याचा शोषखड्डाही धरावा. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असला पाहिजे. अरुंद पट्टीवरच्या छोट्या वाड्यांमध्ये हे अंतर पाळणे किती अवघड आहे ते नकाशा पूर्ण झाल्यावर कोणी न सांगताच दिसते. शिवाय हे अंतर मुख्यतः रोगजंतूंसाठी ठरवलेले आहे. वाळूत जंतू गाळले जातात, नायट्रेट गाळले जात नाही.

दुसरे काम: नत्राचा हिशेब

मोजमापाआधी अंदाजी हिशेब मांडला तर कोणत्या स्रोताकडे आधी वळायचे ते कळते. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण तीन ते चार किलो नत्र बाहेर पडते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते, आणि डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र व सुमारे १० किलो शुद्ध स्फुरद असतो.

समजा, गावात १,२०० माणसे राहतात. माणशी साडेतीन किलो धरले तर वर्षाला ४,२०० किलो नत्र झाले. पर्यटकांसाठी २०० खोल्या आहेत आणि वर्षातले १५० दिवस प्रत्येक खोलीत दोघे राहतात असे धरले तर ६०,००० मुक्काम, म्हणजे वर्षभर राहणारी सुमारे १६४ माणसे, म्हणजे जवळपास ५७५ किलो नत्र. गावात युरियाच्या १५० गोणी लागत असतील तर ३,१०५ किलो, आणि त्यातला एक मोठा भाग पीक घेते. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत आणि प्रत्येक गावाने आपले घालायचे आहेत. तरी त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. पर्यटकांचा वार्षिक वाटा वाटतो तितका मोठा नसतो, पण तो नाताळ ते मे या काळात, पाणी कमी असताना आणि मोजक्या शौचटाक्यांवर एकवटतो. दहा माणसांसाठी बांधलेली टाकी चाळीस माणसांनी वापरली की ती टाकी राहत नाही, मैला पुढे ढकलणारा नळ होते.

तिसरे काम: मोजमाप

विहिरींपासून सुरुवात करावी. जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्या संचात नायट्रेटची चाचणी असते. संच ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल तर तो बाहेर काढावा आणि रसायनांची मुदत तपासावी. मुदत संपलेल्या रसायनाने आलेला आकडा लिहूच नये. जलसुरक्षकाकडून एच-टू-एस बाटल्या घ्याव्यात. या चाचणीत बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती सावलीत, साध्या तापमानाला ठेवतात, आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले तर मैल्याचे प्रदूषण असण्याची दाट शक्यता असते. ज्या विहिरींत संचावर नायट्रेट जास्त दिसेल त्यांचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवून आकडा पक्का करावा. पाण्यात खारटपणा असेल तर नमुन्यासोबत तसे लिहून द्यावे, कारण क्लोराइडमुळे नायट्रेटच्या काही चाचण्या चुकतात. याच कारणासाठी गावातील संच खाडीच्या खाऱ्या पाण्याला वापरू नये. तो गोड्या पाण्यासाठीच आहे.

विहिरींची तपासणी वर्षातून किमान दोनदा करावी. एकदा मे महिन्यात, पाणी खोल गेलेले असताना, आणि एकदा पहिल्या जोरदार पावसानंतर आठ-दहा दिवसांनी, कारण त्या वेळी वाळूत साठलेले नायट्रेट धुऊन खाली उतरते. फक्त डिसेंबरमध्ये घेतलेल्या एका नमुन्यावर गाव सुरक्षित ठरवणे धोक्याचे आहे.

खाडीसाठी चार-पाच ठराविक बिंदू निवडावेत. एक गावाच्या वरच्या अंगाला, दोन-तीन गावासमोर आणि एक मुखाजवळ असावा. नमुना नेहमी सुकतीच्या (ओहोटीच्या) अखेरच्या तासात घ्यावा, कारण भरतीला खाडीत समुद्राचेच पाणी असते आणि सुकती संपताना गावाखालून झिरपलेले पाणी सर्वांत जास्त सापडते. प्राणवायू पहाटे, सूर्य वर येण्याआधी मोजावा. सुकती आणि पहाट एकत्र येतील अशा तिथी महिन्यात मोजक्याच असतात आणि त्या कोणत्या हे गावातील रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, पंचांग न उघडताही सांगता येते. म्हणून हे वेळापत्रक त्यांच्याकडूनच करून घ्यावे.

पाण्याची पारदर्शकता मोजायला वीस-तीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगवलेली वजनदार तबकडी आणि खुणा केलेली दोरी पुरते. होडीच्या सावलीच्या बाजूने ती सोडावी, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी लिहावी. नत्र, स्फुरद आणि जैविक प्राणवायू मागणी (पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचे माप) यांसाठी नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवावेत. जंतूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी. घरची धुतलेली बाटली चालत नाही.

आलेले आकडे वाचताना

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि ती ओलांडायला मुभा नाही. काही प्रयोगशाळा आकडा नायट्रेट म्हणून देतात, तर काही त्यातील फक्त नत्र म्हणून. दुसऱ्या पद्धतीत हीच मर्यादा सुमारे १० मिलिग्रॅम होते, आणि १२ हा आकडा ४५ च्या आत आहे म्हणून निश्चिंत होणे ही गंभीर चूक ठरेल. अहवालावर कोणते एकक आहे ते पहिल्यांदा पाहावे. सहा महिन्यांखालील बाळाला जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेले दूध पाजल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळे पडू शकते. हे पाणी उकळून उपयोग नाही, उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट उलट दाट होते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जंतू मारते, नायट्रेटला काहीही करत नाही. मर्यादेबाहेरच्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी तत्काळ थांबवावे आणि ज्या घरात तान्हे बाळ आहे तिथे आधी कळवावे.

किनाऱ्याच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळ आणि जलक्रीडेच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी कमाल ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि मैल्यातील कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये १०० पर्यंत असे निकष आहेत. त्या यादीत नत्र-स्फुरदाची मर्यादा नाही, त्यामुळे ‘निकषांत बसते’ असा अहवाल आला तरी अन्नद्रव्यांचा प्रश्न नाही असे त्यातून सिद्ध होत नाही. तीस अंश तापमानाला समुद्राच्या पाण्यात जास्तीत जास्त सहा मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू विरघळू शकतो. दुपारी आठ-नऊ मिलिग्रॅम आणि पहाटे दोन-अडीच मिलिग्रॅम असे आकडे एकाच जागी मिळाले, तर तिथे शैवाल बेसुमार वाढले आहे असे समजावे.

चौथे काम: शौचटाक्या आणि शोषखड्डे

माझ्या मते गावाच्या पैशाचा आणि श्रमाचा सर्वांत मोठा भाग इथे जायला हवा. शौचटाकी गाळ बसवते आणि थोडे जंतू कमी करते, पण नत्राचा बहुतांश भाग पाण्याबरोबर पुढे जातो. टाकीत गाळ साचून भरला की तोही पुढे जाऊ लागतो. गाळ पाहण्यासाठी टाकीचे झाकण उघडून थोडा वेळ वायू जाऊ द्यावा, जवळ विडी-काडी पेटवू नये आणि कोणत्याही परिस्थितीत आत उतरू नये. टाकीतील वायूने माणसे क्षणात मरतात, आणि माणूस उतरवून अशी धोकादायक सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. एका लांब काठीला खालच्या टोकापासून मीटरभर पांढरे सुती कापड घट्ट गुंडाळून ती तळापर्यंत उभी सोडावी, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि सावकाश वर काढावी. कापडावर खाली दाट काळा पट्टा उमटतो आणि त्याच्या वर फिकट, ओला भाग राहतो. काळा पट्टा पाण्याच्या एकूण खोलीच्या एक तृतीयांश झाला की उपसा करण्याची वेळ झाली. घरगुती टाकीला ही वेळ साधारण दोन-तीन वर्षांनी येते, खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी दरवर्षी हंगामाआधी पाहणी करावी.

उपसा करणारा टँकर मैला कुठे रिकामा करतो हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रात्री व्हाळात किंवा कांदळवनाच्या कडेला ओतलेला एक टँकर वर्षभराची मेहनत फुकट घालवतो. ग्रामपंचायतीने जवळच्या नगरपरिषदेच्या मैला प्रक्रिया केंद्राशी करार करावा आणि प्रत्येक खेपेची पोचपावती घ्यावी.

शोषखड्डा खोल असला की चांगला, हा समज पुळणीच्या गावात उलटा आहे. खड्ड्याचा तळ आणि भूजलाची पावसाळ्यातली पातळी यांत किमान दीड-दोन मीटर कोरडी माती हवी, आणि देवबागसारख्या पट्टीवर जुलैत तेवढी कोरडी माती मिळणे दुरापास्त असते. अशा ठिकाणी खोल खड्ड्याऐवजी जमिनीलगत, उथळ, लांबट चर काढावा, त्यात खडी आणि वाळू भरावी आणि वर कर्दळ, केळी, अळू यांची दाट लागवड करावी. मुळांच्या थरातून पाणी सावकाश गेले की झाडे नत्र आणि स्फुरद उचलतात, आणि चराचा एखादा भाग सतत भिजलेला राहिला तर तिथले जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात. झाडे मात्र वेळोवेळी कापून बागेबाहेर न्यावी लागतात. पाने तिथेच कुजली तर उचललेले अन्नद्रव्य परत तिथेच उतरते.

स्वयंपाकघराचे आणि आंघोळीचे पाणी शौचटाकीत सोडू नये, ते वेगळे काढून माडांना द्यावे. खानावळींनी मोरीच्या पुढे तेल-चरबी अडवणारी छोटी टाकी बांधावी आणि आठवड्याला साफ करावी. ज्या घरी पुरेसे अंतर मिळतच नाही तिथे दोन-चार घरांची सामाईक टाकी विहिरींपासून दूर बांधणे हाच मार्ग आहे. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून स्वच्छतेची अशी कामे घेता येतात.

पाचवे काम: शेती आणि मासळी

भातखाचरात युरिया फेकून दिल्यावर मोठी सर आली की तो बांधावरून थेट व्हाळात जातो. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेल्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी भाताच्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. चिखलात पुरलेले खत पुराच्या पाण्याला सापडत नाही आणि कमी खतात पीक येते. हे तंत्र आपल्याच मातीत सिद्ध झालेले असूनही खाडीकाठच्या गावांत पुरेसे वापरात नाही याची खंत वाटते. मजुरी जास्त लागते हे खरे, म्हणून निदान खाडीला लागून असलेल्या खाचरांपासून सुरुवात करावी. माडाचे खत एकदम न देता तीन हप्त्यांत, आळ्यात मिसळून आणि मुसळधार पावसाचा अंदाज नसताना द्यावे. स्फुरदासाठी बांध दुरुस्त ठेवणे आणि उतारावरची उघडी माती गवताने झाकणे एवढे पुष्कळ आहे.

मासळी साफ केल्यावर उरणारी आतडी आणि कल्ले धक्क्यावरून पाण्यात टाकू नयेत, ती नारळाच्या सोडणाच्या भुश्श्यात किंवा सुक्या पाल्यात थर देऊन कुजवली तर उत्तम खत होते. कोळंबी प्रकल्प असल्यास तो किनारी जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदलेला आहे का, आणि तळे रिकामे करताना तळाचे गढूळ पाणी निवळण टाकीतून जाते का, हे ग्रामपंचायतीने विचारावे. खाडीकाठचे कांदळवन तोडू देऊ नये, कारण त्याच्या चिखलातच नायट्रेट नष्ट करणारे जिवाणू काम करतात. गटाराच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या आणि कालवे (शिंपल्यांत राहणारे जीव) खाण्यासाठी काढू नयेत, ती पाणी गाळून जगतात आणि पाण्यातले जंतू त्यांच्यात साठतात.

मासे मेलेले आढळल्यास

पहिल्या तासात प्राणवायू मोजावा, कारण दुपारपर्यंत पुरावा नाहीसा होतो. वेळ, भरती-सुकतीची अवस्था, पाण्याचा रंग व वास आणि माशांच्या जाती लिहाव्यात, छायाचित्रे घ्यावीत, दोन बाटल्या पाणी आणि काही ताजे मेलेले मासे बर्फात ठेवावेत. त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्ह्याचे सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. मेलेली मासळी विकू किंवा खाऊ नये.

ग्रामसभा, नोंदवही आणि धीर

विहिरींचे आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत, मात्र घरमालकांची नावे न घेता विहिरीच्या क्रमांकाने. नाव घेतले की चर्चा भांडणाकडे वळते आणि पुढच्या वर्षी नमुना द्यायला कोणी तयार होत नाही. नव्या बांधकामाच्या परवानगीसाठी उथळ लागवडीचा चर आणि विहिरीपासूनचे अंतर, तसेच खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी वार्षिक गाळ-पाहणी, असे दोन ठराव पहिल्या वर्षी पुरेत.

गळकी टाकी दुरुस्त झाली की विहिरीतील जंतू काही आठवड्यांत कमी होतात. नायट्रेट उतरायला एक-दोन पावसाळे लागतात. खाडीच्या चिखलात साठलेला स्फुरद तर तळाचा प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतो, त्यामुळे वरून येणारा पुरवठा बंद झाल्यानंतरही कित्येक वर्षे शैवाल दिसू शकते. दुसऱ्या वर्षी आकडा वाढलेला दिसला तर आधी त्या वर्षीचा पाऊस पाहावा आणि मगच उपायाला नावे ठेवावीत. निदान तीन-चार वर्षे तेच बिंदू, तीच सुकतीची वेळ आणि तीच प्रयोगशाळा ठेवावी, आणि एखादा बिंदू बदलावाच लागला तर त्याला नोंदवहीत नवा क्रमांक द्यावा, जुन्या बिंदूच्या रकान्यात त्याचा आकडा लिहू नये.